काळे हात आणि निळा घुमट

ज्याने हे केलं, त्याला कुणी पकडलं नाही. कुणी त्याला गावाबाहेर काढलं नाही, कुणी जाबही विचारला नाही. त्याने हत्यार उचललं नव्हतं. त्याच्या लेखी तो एक शब्दही खोटा बोलला नव्हता. तरी दोन माणसं गेली ती त्याच्यामुळेच. अशी माणसं आजही आहेत, आणि ती स्वतःला सज्जन समजतात.

फार पूर्वी वाळवंटाच्या काठावर एक तटबंदीचं शहर होतं. शहराच्या मधोमध एक निळा घुमट होता. दूरवरून येणाऱ्या तांड्यांना आधी तो घुमट दिसायचा, मग तट, मग झाडं. उंटवाले म्हणायचे, आभाळाचा एक तुकडा खाली उतरून बसलाय.

त्या घुमटाच्या फरश्या ज्याच्या कारखान्यात झाल्या, त्याला सगळे उस्ताद म्हणत. कारखान्यात खिडकीजवळ एक उंच ओटा होता. ओट्यावर उस्ताद बसायचा, शेजारी त्याचा जावई आणि आणखी दोघं. ते कुंचल्याने फरशीवर वेली काढत, फुलं काढत, अक्षरं काढत. ओट्यावर बसणाऱ्यालाच त्या शहरात कारागीर म्हणत.

ओट्याखाली जमिनीवर एक बाई बसायची. ती दगड दळायची. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत जात्याची घरघर चालू असे. तो दगड काळा असतो. त्याची पूड काळी, पुडीचं पाणी काळं. भट्टीतून बाहेर आल्यावरच त्याचा निळा होतो. त्यामुळे त्या बाईचे हात कोपरापर्यंत काळे असत, आणि तिच्याकडे बघून निळा रंग कुणालाच आठवत नसे.

दगडात ती राख मिसळायची. वाळवंटात एक खारट झुडूप उगवतं, ते ती स्वतः जाऊन आणायची आणि जाळायची. कुठलं झुडूप, कुठल्या महिन्यातलं, मुळासकट की शेंड्याचं, हे तिचं तिला ठाऊक. भट्टीपाशी एक म्हातारा असायचा. तो भट्टीच्या भोकाशी नाक नेऊन वास घ्यायचा आणि सांगायचा, "अजून दोन ओंडके," नाहीतर, "बास, आता हात लावू नका."

एकदा ती बाई म्हणाली, "उस्ताद, या खेपेची राख कोवळ्या झुडपाची आहे. रंग फिका येईल. चार दिवस थांबाल का? मी दुसरी आणते."

उस्ताद कुंचला न थांबवता म्हणाला, "तू दळ. रंगाचं मी बघतो."

रंग फिकाच आला. उस्तादाने भट्टीवाल्या म्हाताऱ्याला शिव्या दिल्या.  बाहेर आल्यावर म्हातारा बाईला म्हणाला, "पोरी, वरच्यांचा रंग आणि खालच्यांची चूक, असंच असतं बघ." ती हसली आणि पुन्हा जात्यापाशी बसली.

त्या शहरातल्या फरशी करणाऱ्यांची एक रीत होती. माणसाला पहिल्यांदा ओट्यावर घेताना थंड भट्टीवर हात ठेवून त्याच्याकडून शपथ घेत. "जो कारागीर नाही, त्याला मी कधीही कारागीर म्हणणार नाही." भामट्यांनी शहराचं नाव घेऊन बाजारात वाईट माल विकू नये, म्हणून ही शपथ होती. उस्तादाने ती चाळीस वर्षं पाळली. त्याला तिचा फार अभिमान होता. लग्नातसुद्धा तो ती म्हणून दाखवायचा.

मग मंगोल आले.

आधी धूळ आली, मग घोडे. इतके घोडे त्या शहराने कधी पाहिले नव्हते. शहराने अकरा दिवस दारं बंद ठेवली, बाराव्या दिवशी उघडली. घोडेस्वारांनी सगळ्यांना तटाबाहेरच्या माळावर आणून उभं केलं. म्हातारे, बायका, पोरं, काझी, हमाल, सगळे एकाच उन्हात.

घोड्यावर एक अंमलदार बसला होता. त्याला शहराची भाषा येत नव्हती. त्याच्या पुढे एक दुभाषा चालत होता. दोन वर्षांपूर्वी पडलेल्या एका शहराचा तो माणूस, एका पायाने लंगडा. तो ओरडून म्हणाला, "नीट ऐका! खानाला कारागीर हवेत. ज्यांच्या हातात कसब आहे ते उजवीकडे, बाकीचे डावीकडे. प्रत्येक कारखान्याचा उस्ताद आपापली माणसं सांगेल. तो सांगेल ते मी अंमलदारांना सांगेन. मी हात तपासत बसणार नाही. उस्तादाचा शब्द तो शब्द."

उजवीकडे गेलं तर काय आणि डावीकडे गेलं तर काय, हे माळावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. उजवीकडच्यांना पूर्वेला नेत, खानाच्या राजधानीत कामाला लावत. डावीकडच्यांना पुढच्या शहराच्या तटापुढे चालवत. त्यांच्यामागून घोडे येत. तटावरून सुटलेले बाण पहिल्यांदा त्यांना लागत.

उस्तादाच्या पुढे एक मोची उभा होता. बाजाराच्या कोपऱ्यावर जोडे शिवणारा, बडबड्या, जरा फुशारक्या मारणारा. कारखाना वगैरे त्याचा काही नव्हता, एक पडवी होती. पण त्याच्यामागे चौदा माणसं उभी होती.

"हे सगळे?" दुभाष्याने विचारलं.

"सगळे मोची," तो म्हणाला. "जन्माचे मोची."

"हा तर पखालवाला दिसतोय. खांद्यावर घट्टे आहेत."

"पाण्याशिवाय कातडं भिजतं का, साहेब?"

"आणि हा? मी याला सकाळी मशिदीत झाडताना पाहिलं."

"छाटण झाडतो. माझ्याकडे छाटण फार."

मागे कुणीतरी हुंदका आणि हसू यांच्या मधला आवाज काढला. दुभाष्याने शेवटच्या माणसाकडे बोट दाखवलं. ती एक अगदी म्हातारी बाई होती, दोन्ही डोळ्यांनी आंधळी.

"आणि ही काय करते? बारीक टाके घालते?"

"ही माझी आजी," मोची म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण जीभ थांबली नाही. "ही कातड्यावर नख मारून आवाज ऐकते. कच्चं की कमावलेलं, ते सांगते. हिचा कान म्हणजे माझं दुकान आहे, साहेब."

म्हातारी लगेच म्हणाली, "आणि हा पोरगा कच्चा आहे, तेही मीच सांगते."

दुभाष्याने अंमलदाराकडे पाहून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. अंमलदाराने मान डोलावली. पंधराही जण उजवीकडे गेले.

"खोटारडा," उस्ताद पुटपुटला. "कसबाची अब्रू घालवली."

जावयाने त्याचा दंड दाबला. "उस्ताद, हळू."

आता त्याची पाळी आली. उस्तादाने ताठ मानेने आपलं नाव सांगितलं, घुमटाकडे बोट दाखवलं. अंमलदाराने घुमटाकडे पाहिलं, आणि घोड्यावरून जरा पुढे झुकून उस्तादाकडे पाहिलं. उस्तादाला त्याही वेळी बरं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्याला बरं वाटलं.

"तुझी माणसं?"

"हा माझा जावई. हे दोघे. कारागीर."

"आणि हे?" दुभाष्याने मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे आणि बाईकडे पाहिलं. ती दोघं आपणहून उस्तादाच्या मागे येऊन उभी राहिली होती. दुसरीकडे कुठे उभं राहायचं, हे त्यांना सुचलं नसावं.

"तो भट्टीत जाळ घालतो."

"म्हणजे कारागीर?"

उस्तादाने मान वळवून पाहिलं. आजूबाजूला शहरातले बाकीचे फरशीवाले उभे होते. ज्यांच्यासमोर त्याने शपथ घेतली होती, ज्यांना तो शपथेवरून टोमणे मारायचा, ते सगळे बघत होते.

"जाळ घालतो," तो पुन्हा म्हणाला.

"आणि ही? कोळसे विकते का?"

ती बाई आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओट्यावरच्यांच्या आधी बोलली. "निळा मी करते, साहेब."

उस्तादाला तिचा राग आला. त्याला तेव्हा भीती वाटत नव्हती. भीती असती तर एक वेळ माफ करता आलं असतं. त्याला आला तो राग, चारचौघांत जमिनीवरची बाई ओट्यावरचं बोलली म्हणून.

"निळा मी करतो," तो म्हणाला. "ही दळते."

दुभाषा लंगडत एक पाऊल जवळ आला. तो मुद्दाम हळू बोलला. "उस्ताद, मी पुन्हा विचारतो. नीट विचार करून सांग. मला फक्त एक शब्द हवाय. ही कारागीर आहे का?"

मोची आता उजवीकडे, सुरक्षित जागी उभा होता. तो तिथून ओरडला, "अरे हो म्हण की! हो म्हणायला तुझं काय जातंय?"

उस्ताद म्हणाला, "आमच्यात कारागीर म्हणजे ओट्यावर बसतो तो. ही ओट्यावर बसत नाही."

दुभाष्याने मान फिरवली. बाई आणि म्हातारा डावीकडे गेले. जाताना बाईने आपले काळे हात कपड्याला पुसले, काम संपल्यावर पुसावेत तसे. म्हातारा तिला म्हणाला, "चल पोरी." एवढंच.

उस्तादाच्या लेखी तो खोटं बोलला नव्हता. शपथ अभंग राहिली होती.

उजवीकडच्यांचा तांडा पूर्वेला निघाला. महिन्यांमागून महिने गेले. डोंगर बदलले, भाषा बदलल्या, पाण्याची चव बदलली. वाटेत मोची त्याच्या माणसांना मोचीकाम शिकवत होता. "राजधानीत कुणी सुई हातात दिली तर काय करणार आहात?" म्हणून तो त्यांना चालता चालता टाके घालायला लावायचा. पखालवाल्याची बोटं रक्ताळायची, झाडूवाला चुकून आपलीच बाही शिवायचा, आणि आंधळी आजी प्रत्येक कातड्यावर नख मारून म्हणायची, "कच्चं." राजधानी येईपर्यंत मोची जे खोटं बोलला होता, ते खरं झालं होतं.

राजधानी म्हणजे तंबूंचा समुद्र आणि त्याच्या काठाला मातीच्या घरांच्या गल्ल्या. त्या गल्ल्यांत अर्ध्या जगातून उचलून आणलेले कारागीर होते. पश्चिमेचे सोनार, पूर्वेचे कागद करणारे, कुठले विणकर, कुठले घंटा ओतणारे. एका गल्लीत पाच भाषांत भांडणं चालत आणि सहाव्या भाषेत मिटत. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत यावर एक ओळ असते: मंगोलांच्या स्वाऱ्यांमुळे कला आणि ज्ञान जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचलं. ओळ खरी आहे. आम्ही ती परीक्षेत लिहिली आणि गुण मिळवले. वाटेत कोण पोहोचलं नाही, आणि ते कुणी ठरवलं, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही लिहिलं नाही.

उस्तादाला हुकूम मिळाला. खानाच्या नव्या दरवाजावर निळी फरशी हवी, त्या घुमटासारखी.

काळा दगड सोबत आणला होता. कुंचले होते. उस्तादाने सुरेख वेली काढल्या. भट्टी पेटवली, उघडली. फरश्या राखाडी निघाल्या.

"जाळ कमी पडला," उस्ताद म्हणाला.

दुसऱ्या खेपेला वरची काचेसारखी झिलई वितळून वेलींवरून ओघळली. तिसऱ्या खेपेला रंग आला तो शेवाळासारखा.

जावयाने फरशी हातात घेतली. मग म्हणाला, "उस्ताद, ती दगड किती बारीक दळायची?"

"बारीक."

"किती बारीक?"

उस्तादाने फरशी त्याच्या हातातून काढून घेतली.

"राख कुठल्या झुडपाची असायची?"

"खारट असतं ते."

"इथे सगळीच झुडपं खारट आहेत, उस्ताद. आणि म्हाताऱ्याला कसला वास यायचा? तो नाक लावून कशाचा वास घ्यायचा?"

इतकी वर्षं उस्ताद त्या दोघांपासून चार हातांवर बसला होता. त्याला दोघांच्या खोकल्याचा आवाज ओळखता येत होता. त्यांना काय येत होतं, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. तो हातातल्या कुंचल्याकडे पाहू लागला, आणि त्याला पहिल्यांदा समजलं की आपल्याला फक्त रेघ काढता येते.

तो दुभाष्याला शोधत गेला. दुभाषा एका तंबूच्या सावलीत पाय चोळत बसला होता.

"ती बाई," उस्ताद म्हणाला. "दळणारी. आणि तो म्हातारा. त्यांना परत आणता येईल का? खानाला सांग, ती दोघं कामाला हवीत. सांग, कारागीर आहेत."

दुभाष्याने वर पाहिलं. "आता कारागीर झाले?"

उस्तादाची मान खाली गेली.

"त्या लोकांना पुढच्या शहराच्या तटापुढे नेलं," दुभाषा म्हणाला. "तो तट पडला. त्यानंतर आणखी दोन पडले. डावीकडचं कुणी परत आलेलं मला माहीत नाही." त्याने लंगडा पाय पुढे पसरला. "मी तुला दोनदा विचारलं होतं, उस्ताद. तिसऱ्यांदा विचारायची मला मुभा नव्हती. दोनदा विचारायचीही नव्हती."

"मी खरं बोललो होतो," उस्ताद म्हणाला.

"निळा तू करतोस, असं म्हणालास. मग कर की." दुभाषा पुन्हा पाय चोळू लागला. "आणि निळा तिने केला असेल, तर त्या दिवशी उजवीकडे तू कसा आलास?"

उस्तादाला कुणी शिक्षा केली नाही. शिक्षा झाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. दरवाजाचं काम शेजारच्या गल्लीतल्या पूर्वेकडच्या कुंभारांना दिलं गेलं. त्यांनी त्याचा दगड मागून नेला आणि आपल्या रीतीने आपल्या पांढऱ्या मातीवर वापरला. निळा आला. तो वेगळा निळा होता, त्या घुमटाचा नव्हता. घुमटाचा निळा पुन्हा कधीच कुणाला जमला नाही.

उस्तादाकडे नक्षी काढायचं काम राहिलं, आणि कुंभारांसाठी दगड तयार करून द्यायचं. दगड दळायला त्याच्याकडे एक नवी बाई पाठवण्यात आली, अशाच कुठल्यातरी पडलेल्या शहरातली. तिला त्याची भाषा येत नव्हती. इथल्या कारखान्यातही खिडकीपाशी त्याने ओटा बांधून घेतलाच होता. ती जमिनीवर बसली.

उस्ताद मात्र बदलला होता. त्याला लाज वाटत होती, खरीखुरी लाज. त्याला जेवण जाईना. शेवटी तो संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी, विहिरीच्या काठावर बसून ही गोष्ट लोकांना सांगू लागला. नव्याने आणलेले कारागीर येत, बसत, ऐकत. तो स्वतःला वाचवत नसे. "मी म्हणालो, ही दळते," असं सांगताना त्याचा आवाज फाटायचा. तिने हात कसे पुसले ते तो हाताने करून दाखवायचा. बायका डोळे पुसत. सोनार म्हणत, केवढं मोठं मन लागतं असं कबूल करायला. हळूहळू त्याची गोष्ट ऐकायला दुसऱ्या गल्ल्यांतूनही लोक येऊ लागले, आणि उस्तादाला थोडं जेवण जाऊ लागलं.

मोचीचं घर विहिरीला लागूनच होतं. त्याची आंधळी आजी उंबऱ्यावर कातडं मांडीवर घेऊन बसलेली असायची. रोज गोष्ट तिच्या कानावर पडायची. ती कधी काही बोलली नाही.

एका संध्याकाळी गर्दी जास्त होती. उस्तादाने गोष्ट शेवटपर्यंत आणली, डोळे पुसले, आणि नेहमीप्रमाणे हात वर करून म्हणाला, "आता तात्पर्य ऐका, मंडळी. ज्यांच्या हातांवर आपलं काम उभं असतं, त्यांना चारचौघांत 'ही माझी माणसं' म्हणायला आपण लाजलो, तर पुढे आयुष्यभर स्वतःचीच लाज वाटते."

सगळे गप्प झाले. कुणीतरी सुस्कारा सोडला. त्या शांततेत उस्तादाच्या कारखान्यातून आवाज येत होता. घरघर, घरघर, न थांबता.

म्हातारीने मांडीवरच्या कातड्यावरून हात काढला आणि कान तिकडे वळवला.

"तात्पर्य चांगलं आहे रे, उस्ताद," ती म्हणाली. "पण तू तर इथे बसलायस. मग आत दळतंय कोण?"